दोरीचं दुसरं टोक

मुंजी : आत कुणी झोपलं असेल तर करवतीचं काम दुपारनंतर करतो.

दलेंदा : आत कुणी नाही.

मुंजी : दार उघडताना तुम्ही कुणाला तरी म्हणालात, 'तू उठू नकोस, मी बघते.'

दलेंदा : ते दाराबाहेरच्याला ऐकू जावं म्हणून. मीटर वाचणारा येतो, गॅसची टाकी आणणारा येतो. घरात एकटी बाई आहे हे प्रत्येकाला कळायचं कारण नाही.

मुंजी : आणि रेडिओ?

दलेंदा : तोही त्याचसाठी. उस्ता मुंजी, माझ्या सासऱ्यांच्या घराच्या खिडकीला तुमच्या वडिलांनी जाळी केली होती. पन्नास वर्षं झाली, एक पट्टी हललेली नाही. चांगला सुतार हवा म्हणून तुम्हाला बोलावलं, चौकशी करायला नाही.

मुंजी : वडील लाकडाशी बोलायचे, माणसांशी नाही. माझं उलटं झालंय. बोला, काय झाकायचंय?

दलेंदा : ती खिडकी.

मुंजी : पलीकडच्या घराची? वरची, हिरव्या झडपांची?

दलेंदा : तिचं स्वयंपाकघर आहे ते. दोन वर्षांपूर्वी तिनं मजला चढवला आणि चूल वर नेली. तेव्हापासून माझं अंगण म्हणजे तिचा टीव्ही झालाय. मी इथे कपडे वाळत घालते, डोक्यावरचा रुमाल काढून केस सुकवते, झाडाखाली बसते. तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसले, नाबलमधलं निम्मं गाव रोज माझं तोंड बघत होतं. आता पुरे.

मुंजी : बेया मावशीचं घर ना ते? माझ्या आईची मैत्रीण. फार बोलते, पण मनानं—

दलेंदा : ती कशी आहे ते मला माहीत आहे.

मुंजी : बरं. भिंत पुरुषभर आहे. तिच्यावर विटाच रचल्या तर चार दिवसांचं काम, आणि माझी गरज पण नाही.

दलेंदा : विटा नकोत. वारा अडला की नारिंगाच्या पानांवर काळी बुरशी धरते. लाकडी जाळी हवी, दोन मीटर उंच, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पायथ्याशी चमेली लावायची. आणि नारिंगाची फुलं वेचायच्या आत जाळी उभी राहायला हवी.

मुंजी : म्हणजे दोन आठवडे. जमेल. फक्त 'दोन मीटर' हे तुम्ही सांगून चालायचं नाही. ते दोरी सांगेल.

दलेंदा : कसली दोरी?

मुंजी : बघणाऱ्याच्या डोळ्यापासून तुमच्या डोक्यापर्यंत दोरी ताणायची. ती भिंतीच्या वर किती उंचीवरून जाते ते बघायचं. एकदा झाडाखाली, एकदा कपड्यांच्या तारेखाली, जिथे जिथे तुम्ही असता तिथे. सगळ्यात वरची जी खूण येईल तिच्या वीतभर वर जाळी संपवायची. त्याहून उंच केली तर लाकूड वाया, आणि समुद्राचा वारा सुटला की शिडासारखी फडफडणार.

दलेंदा : मग तिच्या चौकटीला खिळा मारा आणि दोरी त्याला बांधा.

मुंजी : खिळ्याला डोळे नसतात, लेल्ला दलेंदा. माणूस ओट्यावर रेलून बघतो की मागे उभा राहून, त्यात हातभर फरक पडतो. ते टोक तिनंच धरायला हवं.

दलेंदा : आणि हे टोक?

मुंजी : तुम्ही.

दलेंदा : जानेवारीपासून मी त्या बाईशी एक शब्द बोललेली नाही.

मुंजी : दोरी धरायला बोलावं लागत नाही.

*

(दुसऱ्या दिवशी सकाळी. मुंजी भिंतीवर दोन्हीकडे पाय सोडून बसलाय. अलीकडे खाली दलेंदा, पलीकडे वर खिडकीत बेया.)

बेया : तुझ्या आईनं तुला असं भिंतीवर बसलेलं बघितलं असतं ना मुंजी, तर कान धरून खाली उतरवलं असतं.

मुंजी : पन्नाशी झाली माझी, मावशी. टोक डोळ्यापाशी धरा. नाकापाशी नको.

बेया : धरलं बाबा. माप कशाचं म्हणालास?

मुंजी : जाळीचं.

बेया : म्हणजे मला दिसू नये म्हणून जे करायचं, त्याचं माप माझ्याच डोळ्यानं घ्यायचं. छान आहे. घे.

मुंजी : लेल्ला दलेंदा, झाडाखाली या. दोरी डोक्याला टेकवा, आणि ताणून धरा.

दलेंदा : टेकवली.

बेया : तिला विचार, पाय कसा आहे.

मुंजी : पाय कसा आहे, विचारतायत.

दलेंदा : सांगा, त्याच पायावर उभी आहे.

बेया : ते दिसतंय मला. दुखतो का, हे विचारलं.

मुंजी : मावशी, बोलताना डोकं हलतंय तुमचं. इथे चार बोटांचा फरक पडतो.

दलेंदा : उस्ता, दोरी हलतेय.

मुंजी : वारा असेल.

दलेंदा : झाडाची पानं हलत नाहीयेत.

मुंजी : झालं, झाली खूण. आता कपड्यांच्या तारेखाली. हां, तिथेच.

बेया : तिथे नाही उभी राहत ती. दोन पावलं मागे असते. पुढे ऊन डोळ्यावर येतं तिच्या.

मुंजी : लेल्ला, दोन पावलं—

दलेंदा : ऐकू आलं मला.

बेया : आणि भट्टीच्या दगडांपाशी घेतलंस का माप? तिथे उभ्यानं घेऊ नकोस. तिथे ती स्टुलावर बसते, फुलांचा अर्क उतरेपर्यंत, चार-चार तास. करायचंच आहे तर नीट तरी कर.

मुंजी : लेल्ला, स्टूल आणता?

दलेंदा : आणते. त्या दगडांपाशी दोन स्टुलं असायची, उस्ता. माप एकाचंच घ्या.

*

दलेंदा : झाली?

मुंजी : या बाजूनं झाली. उद्या सकाळी पलीकडून स्क्रू पक्के केले की संपलं. या, इथे उन्हात उभ्या राहा आणि तिच्या खिडकीकडे बघा. काय दिसतं?

दलेंदा : पट्ट्या. त्यांच्यामागे काळोख.

मुंजी : ती आत आहे. तव्याचा आवाज येतोय, ऐका. पण दिसते का?

दलेंदा : नाही.

मुंजी : अंगठ्याचा हिशेब आहे हा, वडिलांचा. फटीत अंगठा जावा, नजर जाऊ नये. गावात घराघरांना अशा जाळ्या होत्या तेव्हा ते रस्त्यात उभे राहून प्रत्येक खिडकी तपासायचे. लोक म्हणायचे, हा सुतार बायका बघतोय. आणि त्यांना तर एकही दिसायची नाही, म्हणून खूश.

दलेंदा : काम चांगलं आहे. बसा. कॉफी केलीय.

मुंजी : देवाचं भलं होवो. यात फुलांचं पाणी नाही घातलंत?

दलेंदा : गेल्या वर्षीचं संपलं. बहर आत्ता आलाय, काढीन.

मुंजी : एकट्यानं? जाळ बघायचा, वाफ थंड करणारं वरचं पाणी गरम झालं की बदलायचं, तांब्याचं ते भांडं उचलायचं. आमच्याकडे तीन वहिन्या लागतात त्याला, आणि तरी दरवर्षी पहिली बाटली कुणाची यावरून भांडण. अकरा माणसं आहेत घरात. कधी कधी वाटतं, मला जर असं एकटं राहायला मिळालं असतं—

दलेंदा : तर?

मुंजी : काही नाही. आपलं सहज बोललो.

दलेंदा : मी इथे पडले होते. तुम्ही बसलायत ना, त्याच जागी. जानेवारीत. गळलेली नारिंगं गोळा करत होते आणि पाय एका फळावरच पडला. उठता येईना. हाका मारल्या, पण आत रेडिओ चालू होता. मोठ्यानं. रस्त्यावरच्यांसाठी लावलेला.

मुंजी : किती वेळ?

दलेंदा : दोनदा बातम्या झाल्या. म्हणजे तासाच्या वर. मग ही त्या भिंतीवर दिसली. पासष्ट वर्षांची बाई. धुण्याच्या कट्ट्यावर पेटी, पेटीवर खुर्ची, आणि तिथून भिंतीवर. उडी मारली का पडली ते मला सांगता यायचं नाही. एकाच पायात चप्पल होती.

मुंजी : मग तिनं वाचवलं की तुम्हाला.

दलेंदा : उचललं, डॉक्टर आणला, आठवडाभर सूप करून पाजलं. मी तिला एकच सांगितलं होतं, हाजेरला कळवू नकोस. माझी मुलगी, लियाँला असते. शपथ घातली होती. तिसऱ्या दिवशी तिनं फोन केला. पडले तेही सांगितलं, मी एकटीच बोलते तेही, कधी दोन-दोन दिवस अंगणात येत नाही तेही. सगळं त्या खिडकीतून बघितलेलं.

मुंजी : आणि मुलगी काय म्हणाली?

दलेंदा : जुलैत येतेय. घर विकायचं म्हणते, आणि आईला घेऊन जायचं. चौथ्या मजल्यावर राहते ती. गेलेय मी तिथे. खिडकीतून दुसऱ्या इमारतीची भिंत दिसते, आणि समोर कोण राहतं ते सात वर्षांत तिला कळलेलं नाही. मला हे घर सोडायचं नाही, उस्ता. ही जाळी त्यासाठी आहे. बघणारं कुणी नसलं की बातम्या जाणार नाहीत. मी कशी आहे ते माझं मी सांगेन.

मुंजी : आणि पुन्हा पडलात तर?

दलेंदा : कॉफी गार होतेय तुमची.

*

बेया : ये, आत ये. बूट राहू दे पायात, मी तरी कुठे फरशी पुसलीय. स्क्रू मारून झाले?

मुंजी : झाले. तुमच्या धुण्याच्या कट्ट्यावरूनच मारले. म्हटलं जायच्या आधी वरून एकदा बघावं, सरळ बसलीय का.

बेया : बघ की. तोवर मी बसीसाचं पीठ कालवते, खाऊन जा. काय रे? थोबाड का पडलं? वाकडी आहे का?

मुंजी : सरळ आहे.

बेया : मग?

मुंजी : मावशी, तुम्हाला आत्ता खाली काय दिसतंय?

बेया : दिसायचंय काय, दलेंदा आहे. फुलांखाली अंथरायच्या चादरी धुऊन टाकतेय तारेवर. चिमटा तोंडात धरलाय. किती वेळा सांगितलं, गिळशील एखाद दिवशी.

मुंजी : दिसायला नको होतं.

बेया : मला वाटलं तू मुद्दाम केलंस. माझ्यावर दया येऊन.

मुंजी : दया कसली, चूक आहे ही. थांबा, मला नीट विचार करू द्या. खिडकीची जाळी असते तेव्हा लपणारी बाई खोलीत असते, अंधारात. बघणारा रस्त्यावर, उन्हात. उन्हातून अंधारात दिसत नाही, अंधारातून उन्हात दिसतं. म्हणून तपासताना मी उन्हात उभा राहतो. वडील तसेच उभे राहायचे. इथेही मी तिच्या अंगणात उभा राहिलो, उन्हात, आणि म्हटलं, झकास. पण मावशी, इथे अंधारात तुम्ही आहात. उन्हात ती आहे.

बेया : किती वर्षं करतोयस हे काम?

मुंजी : चौतीस. अंगणाची जाळी पहिलीच.

बेया : माझ्या वाट्याला आली म्हणायची.

मुंजी : दिवसभर असं राहणार नाही. आत्ता ऊन तिच्या बाजूनं येतंय, त्यामुळे या पट्ट्या काळ्या आणि मागे सगळं लख्ख. बारानंतर सूर्य इकडे वळला की याच पट्ट्या चमकायला लागतील, ती त्यांच्या सावलीत जाईल. मग तुम्हाला नुसती भिंत.

बेया : सकाळची तरी आहे ना. तिचं सगळं काम सकाळीच असतं.

मुंजी : मावशी, त्या दिवशी दोरी तुम्ही हलवलीत.

बेया : दोनदा ओढली. अरे, ती आमची जुनी पद्धत आहे. भट्टी लागली की आम्ही भिंतीवरून दोरी टाकायचो. मी दोनदा ओढायची, म्हणजे 'येऊ का, पाणी बदलायचंय का?' तिनं एकदा ओढलं की मी बादली घेऊन निघायची. एकतीस वर्षं. आम्ही ओरडत नव्हतो एकमेकींना, ओरडलं की तिच्या सासूला वाटायचं भांडतोय.

मुंजी : मग त्या दिवशी तिनं?

बेया : नाही ओढली.

मुंजी : तुम्ही फोन करायला नको होता, मावशी. शपथ घातली होती तिनं.

बेया : ती दगडावर तासभर पडली होती आणि मी वर कांदे चिरत होते. मी मान वर केली ती डोळे चुरचुरले म्हणून. नाहीतर दिसलीच नसती. त्यानंतर तीन रात्री झोपले नाही मी. शपथेचं माझं मी बघून घेईन. पण घर विकायला मी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, ये, आईपाशी आठ दिवस राहा. हाजेर तेव्हा विकायचं नुसतं बोलत होती; मला म्हणाली, मावशी, तुमची नजर आहे तोवर मला काळजी नाही. आणि परवा तिनं फोन केला. मी जाळीचं सांगितलं.

मुंजी : तेही सांगितलंत.

बेया : विचारलं तिनं, आई दिसते का. खोटं बोलू? ती म्हणाली, मग आता तिकडे ठेवण्यात अर्थ नाही, कोण बघणार तिला. जुलैत गिऱ्हाईक बघायचं म्हणते.

मुंजी : लेल्ला दलेंदाला हे माहीत नाही.

बेया : माझ्याशी बोलेल तेव्हा कळेल ना. तू सांग. आणि सकाळी दिसतं तेही सांग. मला सगळं करता येतं, चोरून बघणं जमत नाही. तिला नको असेल तर मी खिडकीला पडदा लावीन, पण तिला माहीत असायला हवं.

मुंजी : मी कशाला मध्ये? मी सुतार आहे.

बेया : मग चूक सुताराचीच आहे. खा आणि जा.

*

मुंजी : लेल्ला, माझ्या हातून चूक झालीय.

दलेंदा : हाताला लागलं का काही?

मुंजी : नाही. जाळीत. सकाळच्या वेळी वरून तुम्ही दिसता. चादर दिसते, तोंडातला चिमटासुद्धा दिसतो. मी तपासलं उलट्या बाजूनं. लाकूड तुमचं आहे, चूक माझी आहे, तेव्हा दुरुस्तीचं काही घेणार नाही. प्रत्येक फटीमागे एक तिरपी पट्टी बसवतो. दोन दिवस लागतील. मग सकाळ असो की दुपार, माशीसुद्धा दिसणार नाही.

दलेंदा : तुम्हाला कसं कळलं?

मुंजी : तिच्या खिडकीत उभा राहिलो.

दलेंदा : म्हणजे तिलाही माहीत आहे.

मुंजी : तिनंच सांगायला लावलं. चोरून बघणं जमत नाही म्हणाली.

दलेंदा : त्या बाईच्या पोटात कधी काही राहिलं नाही.

मुंजी : आणखी एक आहे. ते सांगू का नको असं वाटत होतं, पण निम्मं सांगून मला झोप लागायची नाही. तुमची मुलगी म्हणाली होती, बेया मावशीची नजर आहे तोवर आईची काळजी नाही. जाळीचं कळल्यावर म्हणाली, आता तिला कोण बघणार, घर विकूनच टाकू.

दलेंदा : हाजेर हे मला म्हणाली नाही.

मुंजी : तुम्ही तिला फोनवर काय सांगता?

दलेंदा : 'मी ठीक आहे,' एवढंच सांगते. उस्ता, आत जाऊन तो रेडिओ बंद करा जरा.

मुंजी : केला.

दलेंदा : किती शांत होतं, नाही? सवय गेली होती.

मुंजी : लेल्ला, पट्ट्यांचं लाकूड दुपारी आणू का?

दलेंदा : किती वाजेपर्यंत दिसतं म्हणालात?

मुंजी : बारापर्यंत. त्यानंतर भिंत.

दलेंदा : केस मी दुपारीही सुकवू शकते. उन्हाळ्यात दुपारी लवकरच सुकतात.

मुंजी : म्हणजे तिरप्या पट्ट्या नकोत?

दलेंदा : सकाळ राहू द्या तशीच.

मुंजी : पण चमेली लावायची आहे ना. दोन वर्षांत ती सगळं झाकून टाकेल, सकाळही.

दलेंदा : मग इथे मध्ये नको. त्या टोकाला लावा, पाण्याच्या टाकीपाशी. तिथे बघण्यासारखं काही नाही.

मुंजी : बरं. अवजारं आवरतो. चादरी वाळल्या की फुलं कधी वेचणार?

दलेंदा : परवा. आणि लगेच भट्टी लावणार, फुलं शिळी झाली की अर्काला वास राहत नाही.

मुंजी : एकट्यानंच?

दलेंदा : ती मापाची दोरी आहे का अजून तुमच्याकडे?

मुंजी : पिशवीत आहे. का?

दलेंदा : फटीतून जाईल?

मुंजी : अंगठा जातो, मग दोरी का नाही जाणार.

दलेंदा : मग ठेवून जा.